माझ्या डोळ्यातल्या वाट्या

मालवणला मी मासे खायला गेले नव्हते आणि किल्ला बघायलाही नाही. मासे आमच्या घरात कुणी खात नाही, आणि किल्ला मी बोटीतून लांबूनच बघितला. माझ्या उजव्या डोळ्याच्या खोबणीत डॉक्टरांनी जे बसवलंय ते जिवंतपणी कसं असतं, एवढं बघायला गेले होते. परत आल्यापासून दुकानात येणारा जो तो विचारतो, एवढं काय होतं तिथं? म्हणून एकदा सगळं लिहूनच टाकते.

आधी डोळ्याचं. माझं माहेर गडहिंग्लजच्या पलीकडं. एका सुगीत भावाच्या उसात वैरणीला वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, आणायला गेले आणि उसाचं पान डोळ्यावरून सपकन ओढलं गेलं. घरी येऊन पाणी मारलं आणि कामाला लागले. डोळ्यात बुरशी धरली. कोल्हापूरच्या डॉक्टरबाईंनी पुष्कळ झटून बघितलं, पण डोळा राहिला नाही, काढावा लागला. जखम भरल्यावर दुसऱ्या ऑपरेशनात त्यांनी पोकळीत एक गोळा बसवला. त्याच्यावर माझीच कातडी वाढली आणि तिच्यावर बाहेरून दिसायला रंगवलेलं एक पातळ कवच आलं. लोक ज्याला खोटा डोळा म्हणतात तो म्हणजे ते कवच. धुवायला काढता येतं. आतला गोळा कायमचा.

तो गोळा कशाचा, हे मीच विचारलं. बाई म्हणाल्या, समुद्रातल्या प्रवाळाच्या सांगाड्यापासून केलाय. त्यांनी संगणकावर प्रवाळाचा एक मोठा करून काढलेला फोटो दाखवला. आमचं कोल्हापुरात भांड्यांचं दुकान आहे, त्यामुळं मला पहिल्यांदा आप्पेपात्रच आठवलं. एकीला एक लागून गोल वाट्याच वाट्या, आणि प्रत्येक वाटीत काठापासून मध्यापर्यंत बारीक पडद्या, मोसंबं आडवं कापल्यावर दिसतात तशा. बाईंनी समजावलं, एका वाटीत एक बारका मऊ जीव राहतो, तोच आपल्याखाली चुना सोडत ती बांधतो. वाटी खोल झाली की तळ भरून घेऊन वर सरकतो. असे लाखो जीव शेजारी शेजारी बसले की प्रवाळाचा खडक होतो. सगळा सांगाडा आतून सच्छिद्र असतो, म्हणून माझ्या रक्तवाहिन्या त्यात शिरून गोळा माझ्या अंगात रुजणार होता. आणि तो रुजला.

घरी हे मी हौसेनं सांगितलं. त्यानं अत्तींचं मन फिरलं. अत्ती म्हणजे माझ्या सासूबाई, आमच्यात कर्नाटकाच्या अंगाला सासूला अत्ती म्हणतात. एक डोळा गेला हे त्यांनी सोसलं होतं. पण मेल्या जिवाचं हाड सुनेच्या तोंडात, म्हणजे चेहऱ्यात, बसवलंय हे त्यांना सोसेना. पुतणीच्या साखरपुड्यात ओटी भरायला मी उठले तर सगळ्या बायकांसमोर त्या हळूच म्हणाल्या, “शैला, तू मागं बस.” नंतर फोटोवाल्यानं मला गॉगल लावायला सांगितलं. मी मागं बसले, गॉगलही लावला. घरी येऊन मात्र नवऱ्याला सांगितलं की मी मालवणला जाणार. तिथं किनाऱ्याजवळच प्रवाळ आहे, पोहता येत नसलेल्यांनाही दाखवतात. तो म्हणाला, काय गरज आहे? मी म्हटलं, गरज नाही, जाणार आहे.

एकटीला पाठवायचं नाही म्हणून अत्ती निघाल्या. वाटेत कुणकेश्वराचं दर्शन होणार होतं, हेही एक कारण होतं. मार्गशीर्षात आम्ही दोघी एसटीनं निघालो.

गगनबावडा

गगनबावड्याला गाडी थांबली तेव्हा धुक्यात स्टँडची पाटीसुद्धा दिसत नव्हती. चहाच्या टपरीवर बसून अत्तींनी पिशवी सोडली. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. बाहेरचं खायला लागू नये म्हणून त्यांनी एवढ्या भाकरी घेतल्या होत्या की आम्ही काशीला निघालोय असं वाटावं.

मी थर्मासमधला चहा ओतायला गेले आणि तो कपाबाहेर ओतला. एका डोळ्यानं अंतराचा अंदाज चुकतो. घरी मी कपाला भांड्याची कड टेकवून ओतते, इथं घाईत विसरले. चहा अत्तींच्या लुगड्यावर गेला. लुगडं झटकत त्या पुटपुटल्या, की हे हाड बसवल्यापासून घरात सरळ काही होईना झालंय.

मला एरवी गप्प बसता आलं असतं. पण त्यांच्या बोटात मंगळासाठी घातलेली पोवळ्याची अंगठी होती, आणि ती माझ्या समोरच होती.

“अत्ती, तुमच्या बोटात काय हाय?”

“पवळं. खडा हाय.”

“खडा न्हाय त्यो. पवळं म्हंजे समुद्रातल्या जिवाचं हाडच असतंय. तुम्ही बोटात घालून पूजेला बसताय, मी डोळ्यात घालून बसतो. फरक काय?”

आमच्याकडं बायकासुद्धा ‘मी बसतो, मी आलो’ असंच बोलतात. पुढं मालवणला आमच्या खोलीची मालकीण हे ऐकून पदर तोंडाला लावून हसायची.

अत्तींनी भाकरीचा तुकडा मोडला, अंगठीचा खडा तळव्याच्या बाजूला फिरवला आणि खात राहिल्या. घाट उतरताना धुकं फाटलं आणि खाली कोकण दिसायला लागलं. उसाच्या हिरव्यापेक्षा हे हिरवं वेगळं, काळपट, घरं गिळून बसलेलं. त्या खिडकीतून बघत होत्या.

कुणकेश्वर

देऊळ अगदी समुद्राला लागून. अत्तींनी समुद्र याआधी बघितला नव्हता. दर्शनाआधी त्या पायऱ्यांवर थांबल्या आणि किती तरी वेळ नुसत्या बघत राहिल्या. मग म्हणाल्या, याला पल्याड न्हाईच की.

आत त्यांनी पूजा केली. मी बाहेर दगडावर बसून आम्हा लिंगायतांच्या गळ्यात असतं ते इष्टलिंग डाव्या तळव्यावर घेतलं आणि रोजची पूजा केली. साखरपुड्यानंतर घरातल्या देवघरात अत्ती मला हात लावू देत नव्हत्या. पण तळव्यावरच्या देवाला कुणाची परवानगी लागत नाही. आमच्यात हे बरं आहे.

दुपारी एका घरात जेवलो. शाकाहारी म्हटल्यावर त्या बाईंना आमची कीवच आली. पण त्यांनी घावणे केले आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं वाढलं. सगळ्यात ओलं खोबरं, जसं आमच्याकडं सगळ्यात शेंगदाण्याचं कूट. तिखट एवढं कमी की अत्तींनी पिशवीतली चटणी काढून सांबाऱ्यात कालवली. सोलकढीचा गुलाबी रंग बघून त्यांनी आधी वाटी बाजूला सरकवली. मी पिऊन दाखवल्यावर प्यायल्या, मग अजून मागितली.

मालवण

प्रवाळ दाखवायला नेणाऱ्या बोटी सकाळी सुटतात. आमच्या बोटीचा मालक बाबल नावाचा पन्नाशीतला गृहस्थ, मिश्या पांढऱ्या, आवाज बारीक. बोटीत पुण्याकडचं एक जोडपं आणि त्यांचा एक मित्र होता. अत्तींना पाण्यात उतरायचं नव्हतं. त्या बोटीत बसून राहणार होत्या. चढताना माझा अंदाज पुन्हा चुकला, पाय फळीच्या अलीकडं पडला आणि मी गुडघ्यापर्यंत पाण्यात गेले. बाबलनं हाताला धरून वर घेतलं. तेव्हा त्याला काही कळलं नाही.

कळलं ते खडकाजवळ नांगर टाकल्यावर. डॉक्टरबाईंनी मला पाण्यात जायला हरकत नाही असं सांगितलं होतं, पण कवच काढून जा म्हणाल्या होत्या. ते पाण्यात निसटलं तर सापडणार नाही. आल्यावर स्वच्छ पाण्यानं धुवायचं आणि पुन्हा बसवायचं. मी एक डबी आणली होती. बाटलीतल्या पाण्यानं हात धुतले, बोटीच्या कडेला तोंड करून वाकले आणि कवच काढलं. तेवढ्यात लाट आली आणि डबी पाण्यात गेली. कवच हातात घेऊन मी मागं वळले, त्याबरोबर सगळ्यांनी माझं तोंड बघितलं.

कवच नसलं की खोबणीत नुसती गुलाबी कातडी दिसते. भयंकर काही नसतं. पण ज्यानं पहिल्यांदा बघितलं त्याला ते तसं वाटतं. पुण्याच्या बाईनं नजर वळवली. अत्तीसुद्धा बघत राहिल्या. इतक्या दिवसांत त्यांनी मला असं कधीच बघितलं नव्हतं. घरी मी दार लावून धुते.

बाबल म्हणाला, “बाये, ह्या माका जमाचा नाय. काय झाला तर मी खय जाव?”

मी डॉक्टरांचं सांगितलं. तो ऐकेना. वाईट बोलत नव्हता, घाबरला होता. म्हणाला की बोटीत बसा, वरून पण दिसतं, बाकीची माणसं जाऊन येतील. म्हणजे पुन्हा मागं बसायचं. इथवर, घाट उतरून, समुद्रात येऊनसुद्धा.

मी म्हटलं, “मला न्यायचं न्हाय तर सगळ्यांनाच परत न्या. मी हे तरंगायचं जाकीट काढनार न्हाय.”

पुण्याचा मित्र म्हणाला की ताई, आमचे पैसे वाया जातील. मी त्याच्याकडं बघितलं नाही. पाणी बोटीच्या अंगावर चुबुक चुबुक वाजत होतं.

मग अत्ती बोलल्या. बसल्या जागेवरून, कोल्हापुरी आवाजात, म्हणजे शेजारच्या बोटीलाही ऐकू जाईल अशा.

“पावणं, ही एका डोळ्यानं दुकान चालवती. गिऱ्हाइकानं पितळंला तांबं म्हनलं तर लांबनं वळखती. मला दोन डोळं हायत आनि मला तुमच्या मिश्या दिसत न्हाईत. मग काय मला सोडताय पान्यात?”

पुण्याची बाई हसली. बाबलही हसला, मग डोकं खाजवलं. शेवटी म्हणाला की मी स्वतः हात धरून नेणार, सोडणार नाही. मी म्हटलं, धरा.

अत्तींनी माझ्यापुढं हात केला. “आन हिकडं ते.” मी कवच त्यांच्या डाव्या तळव्यावर ठेवलं. त्यांनी उजवा हात वरून झाकून घेतला आणि पूजेला बसतात तशा ताठ बसल्या.

इथं एक सांगायला पाहिजे. अत्ती माझ्या बाजूनं बोलल्या म्हणून मी विरघळले वगैरे काही नाही. त्यांचं तत्त्व मला ठाऊक आहे. घरच्या सुनेला घरात काय बोलायचं ते बोलू, पण बाहेरच्यानं बोलायचं नाही. साखरपुड्यातलं मी विसरले नाही आणि विसरणारही नाही. पण त्या वेळी तो आवाज माझ्या कामी आला, हेही खरं.

खडकावर

मास्क लावला, नळी तोंडात धरली आणि बाबलचा हात धरून पाण्यावर पालथी झाले. पहिल्यांदा जीव घाबरला, नाकानं श्वास घ्यायला गेले आणि मास्क तोंडावर चिकटला. बाबलनं वर उचललं. पुन्हा पडले. तिसऱ्यांदा कुठं जमलं.

खाली बघितलं तर आधी नुसता भुरा खडक. मालवणचं पाणी फोटोतल्यासारखं निळं काचेचं नसतं, थोडं गढूळच असतं. मग नजर बसली. खडकाच्या अंगावर पिवळसर, तपकिरी, हिरवट ढेकळं होती, कुठं घमेल्याएवढी, कुठं रांजणाएवढी. बाबल मला एका ढेकळाच्या जवळ घेऊन गेला आणि बोटानं दाखवलं, हात लावायचा नाही अशी खूण करून.

वाट्या होत्या. फोटोत बघितल्या तशाच. या जातीच्या मोठ्या होत्या, नखाएवढ्या, कडेला उंच काठ, आत पडद्या. काही ठिकाणी मऊ मांस काठापर्यंत भरलेलं, हिरवट. शेजारच्या दुसऱ्या ढेकळावर तर जीव बाहेर आलेले होते. प्रत्येक वाटीतून एक देठ आणि त्यावर बारक्या बोटांचं फूल, सगळी मिळून पाण्याबरोबर एकीकडं झुकत होती, मग दुसरीकडं. बाबलनं पाण्यात जवळच हात हलवला तर फुलं आखडली. थोडा वेळ थांबलो. एकेक बोट पुन्हा बाहेर आलं.

एका बाजूला पांढरं पडलेलंही होतं. बाबलनं नंतर सांगितलं की पाणी तापलं की ते असं होतं, काही सावरतं, काही मरतं. मेलेल्या भागावर वाट्या रिकाम्या होत्या. आणि त्या रिकाम्या वाट्यांत बारके किडे राहायला आले होते, शेवाळ होतं, एक बोटभर मासा त्यातच घर करून बसला होता. बोलवल्याशिवाय कुणीतरी येऊन राहतंच. माझ्या डोळ्यातल्या वाट्यांत मी राहायला आले.

मला रडू आलं. मास्कमध्ये रडलं की पाणी खाली साठतं आणि काही दिसेनासं होतं, हे कुणी सांगत नाही. वर येऊन मास्क रिकामा केला, पुन्हा खाली तोंड घातलं.

तेवढ्यात पुण्याचा मित्र दमला आणि एका ढेकळावर दोन्ही पाय टेकून उभा राहिला, फोटोला अंगठा दाखवत. बाबलनं माझा हात धरलेला, तो नुसता ओरडत होता. माझा दुसरा हात मोकळा होता. त्या मित्राच्या पोटरीला हात घातला आणि ओढलं. तो पाण्यात बसला, नाकातोंडात पाणी गेलं, मग चिडला. म्हणाला, दगडावर उभं राहिलं तर काय होतंय?

मी नळी काढून म्हटलं, “त्यो दगड न्हाय. पाय वर घ्या, आनि वरच ठेवा.”

त्यानं माझ्या मास्ककडं बघितलं आणि पाय वर घेतले. मास्कच्या काचेतून एका बाजूला डोळा आणि एका बाजूला गुलाबी कातडी असं तोंड समोर आलं की माणूस वाद घालत नाही. या गोष्टीचा असाही उपयोग होतो, हे मला त्या दिवशी कळलं.

बोटीत चढल्यावर अत्ती होत्या तशाच बसलेल्या. मूठ सोडली नव्हती. बोट वळल्यावर त्यांनी विचारलं, काय दिसलं. मी वाट्यांचं सांगितलं, फुलांचं सांगितलं. त्या ऐकत होत्या.

“आनि त्ये जित्तं असतंय?”

“व्हय.”

“तुझ्यातलं?”

“माझ्यातलं आता माझंच हाय. माझं रगत खेळतंय त्यात.”

अत्ती म्हणाल्या, “मग त्ये मडीच झालं म्हन की.” मडी म्हणजे सोवळं. त्यांच्या तोंडून एवढं येणं म्हणजे डोंगर हलणं. मला ठाऊक होतं की आता मी मान डोलावली तर पुढच्या कार्यात ओटी भरायला त्या मला पुढं बसवतील.

मी मान डोलावली नाही. “अत्ती, मडी झालं म्हणून न्हवं. नसतं झालं तरी हितनं फुडं मी मागं बसनार न्हाय.”

परत आल्यावर मी देवघरात दिवा लावायला गेले तेव्हा त्या स्वयंपाकघरात भांडी जरा जोरात ठेवत होत्या, एवढंच. मी दिवा लावला. रोज लावते.

बाजारात

बोटीतून उतरल्यावर अत्तींनी तळवा उघडून कवच पुढं केलं. मी बाटलीतल्या पाण्यानं धुतलं, रुमालात गुंडाळलं आणि कमरेला खोचलं. बसवलं नाही. अत्ती थांबून बघत होत्या. मी म्हटलं, चला, खाजं घेऊ या.

मालवणचं खाजं म्हणजे बेसनाच्या कांड्यांवर गूळ आणि आलं. गुळाच्या गावच्या माणसानं दुसऱ्याचा गूळ चाखून बघायलाच पाहिजे. बाजारातून जाताना लोक बघत होते. काही चटकन नजर वळवायचे, काही पुढं जाऊन पुन्हा वळून बघायचे. अत्ती माझ्या उजव्या बाजूनं चालत होत्या, मला जिकडं दिसत नाही त्या बाजूनं. दोनदा त्यांनी मला दुचाकीच्या वाटेतून बाजूला ओढलं.

खाजं विकणाऱ्या बाईनं तागडीत खाजं घालता घालता माझ्याकडं बघितलं आणि हात थांबवला.

“बाये, डोळ्याक काय झाला?”

माझ्याआधी अत्तीच म्हणाल्या, “काय झालं न्हाय. अर्धा किलो द्या.”

“झालंय की,” मी म्हटलं. आणि सांगायला लागले. उसाच्या पानापासून सुरुवात केली. डॉक्टरबाई, गोळा, वाट्या, त्यात राहणारे जीव, आता तिथं असलेलं माझं रक्त, सकाळी बघितलेला खडक. उभ्या उभ्या, रस्त्यावर, आमच्याकडच्या मोठ्या आवाजात. अत्ती दुकानाच्या पायरीवर बसल्या. त्यांनी मला थांबवलं नाही. मध्ये एकदा मी वैरणीचं सांगितलं तिथं मीच कधी तरी घरी सांगितलेलं आठवून त्यांनी दुरुस्तीसुद्धा केली, की ती मळ्यातल्या विहिरीकडची पट्टी होती.

सांगून होईस्तोवर शेजारची फुलवाली आली होती, मासळीची पाटी खाली ठेवून एक बाई उभी होती, आणखी दोघी तिघी होत्या. खाजेवाली पुढं वाकून म्हणाली, “बघू?”

मी तिच्यासमोर वाकले, आणि बोटानं पापणी वर धरली.